गाडी जुनी होते, हप्ता होत नाही

जळगावात सोन्याचा भाव रोज विचारला जातो. हंगामात कापसाचा आणि केळीचाही. गाडीचा भाव मात्र आपण दोनदाच विचारतो: घेताना आणि देताना. मधल्या चार-पाच वर्षांत तो किती उतरला, हे एक्स्चेंजच्या टेबलावर बसल्यावरच कळतं. आणि तेव्हा कर्ज किती उरलंय हेही त्याच टेबलावर पहिल्यांदा कळतं. हे दोन आकडे एकमेकांना कधी भेटलेलेच नसतात. ते असे वेगवेगळे का वाढले, ह्याचा इतिहास खानदेशात बसून वाचला तर बराच ओळखीचा वाटतो.

आधी एक विचित्र काळ आठवू या. आमचे जिभाऊ, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, अजूनही म्हणतात की गाडी ही ‘इस्टेट’ असते. त्यांच्या तरुणपणी ते खरंही होतं. परवाना-राजमध्ये गाड्या मोजक्याच बनायच्या. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. ज्याचा नंबर लागला तो वरचे पैसे घेऊन ती लगेच विकू शकत असे. वापरलेली वस्तू नव्यापेक्षा महाग, असा उलटा बाजार होता तो. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली तेव्हाही आधी बुकिंग करून ठेवलेल्यांची चांदी झाली. गाडीची किंमत पडते, हे शिकायची वेळच त्या पिढीवर आली नाही.

1993 मध्ये मोटार उद्योगाचं परवाना-बंधन उठलं. नव्या कंपन्या आल्या, पाठोपाठ बँकांची वाहनकर्जं आली. म्हणजे आपल्याला कर्ज मिळू लागलं ते नेमकं किंमत टिकणं बंद झालं तेव्हा. डेवूची सिएलो ज्यांनी हौसेने घेतली, त्यांची कंपनी काही वर्षांतच बुडाली. 2017 मध्ये शेव्हर्लेची भारतातली विक्री थांबली, 2021 मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. कंपनी जाते तेव्हा पार्टची, सर्व्हिसची भीती वाढते आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. मग 22 सप्टेंबर 2025 आला. लहान पेट्रोल गाड्यांवरचा 28 टक्के जीएसटी आणि वरचा सेस जाऊन सरसकट 18 टक्के झाला. नवी गाडी शेकडा साडेआठ रुपयांच्या आसपास स्वस्त झाली. घेणाऱ्याला आनंद. पण आदल्या महिन्यात घेतलेल्याच्या दारातली गाडी एका रात्रीत तेवढीच उतरली. त्याचा हप्ता मात्र जुन्याच किमतीवर बसलेला.

जिभाऊ हे आमच्या अहिराणीत एका ओळीत सांगतात: “गाडी जुनी व्हयनी, हप्ता मातर नवाच शे.”

हा खेळ अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी मांडला गेला. हेन्री फोर्डला उधारी आवडत नसे. 1923 मध्ये त्याने योजना आणली ती आठवड्याला पैसे साठवायची. पूर्ण रक्कम भरली की गाडी घरी. जनरल मोटर्सने 1919 मध्येच स्वतःची कर्ज देणारी कंपनी काढली होती: गाडी आधी, पैसे नंतर. तिचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन ह्यांनी पुढे आपल्या आठवणींत बाजार बदलणाऱ्या चार गोष्टी मांडल्या: हप्त्याने विक्री, जुनी गाडी बदल्यात घेणं, बंद छताची गाडी आणि दरवर्षी नवं मॉडेल. यातल्या तीन गोष्टी एकत्र ठेवून बघा. नवं मॉडेल जुन्या गाडीला जुनी ठरवतं, एक्स्चेंज ती परत घेतं, आणि हप्ता तुम्हाला पुन्हा रांगेत उभं करतो.

पण तारणाची किंमत पडणं आणि कर्ज तिथंच राहणं हा अनुभव खानदेशाला मोटारीच्याही आधीचा आहे. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे रयतवारीत जमीन शेतकऱ्याच्या नावावर लागली, म्हणजेच ती गहाण टाकता आणि विकता येऊ लागली. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोचली. पीक महाग म्हणून जमीन महाग, जमीन महाग म्हणून सावकार सढळ. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. रोख्यावरचा आकडा मात्र तसाच राहिला.

आता ह्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. 1859 मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला होता: साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांत दावा केला नाही तर तो बाद. हेतू कुळाला वाचवायचा. परिणाम उलटा झाला. तीन वर्षं भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. थकलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून मिसळलेलं असे. कागद कोरा, तारीख ताजी, कर्ज जुनंच. दोन-तीनदा असं झालं की मूळ किती घेतले होते हे कुळालाही सांगता येत नसे.

मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांचे रोखे जाळले, आणि ते लोण नगर जिल्ह्यातही गेलं. 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. आधी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर ह्या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेश त्यात नव्हता. त्या कायद्यात एक साधी पण जबरदस्त तरतूद होती. कोर्टाने हातातल्या रोख्यावर थांबायचं नाही, व्यवहाराच्या अगदी सुरुवातीपर्यंत मागे जाऊन हिशोब तपासायचा.

आता एक्स्चेंजकडे या. समजा शोरूम किंमत आठ लाख, आणि टॅक्स-विमा खिशातून भरून आठही लाखांचं कर्ज घेतलं, 10 टक्क्यांनी, सात वर्षांसाठी. हप्ता बसतो सुमारे 13,280 रुपये. तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलात तरी सव्वापाच लाखांच्या आसपास बाकी उरते. विम्याच्या नेहमीच्या घसारा-कोष्टकात तीन वर्षं ओलांडलेल्या गाडीचे 40 टक्के वजा होतात, म्हणजे 4 लाख 80 हजार. पारोळ्याजवळ महामार्गावर ती गाडी चक्काचूर झाली तर विमा फार तर तेवढेच देणार. वरचे चव्वेचाळीस हजार तुमचे, आणि दारात गाडी नाही. चौथ्या वर्षाअखेरीस कुठे दोन्ही आकडे बरोबरीला येतात.

आणि नेमकं त्याआधीच फोन येतो: ‘दादा, नवीन मॉडेल आलंय, हप्ता तेवढाच बसवून देतो.’ हप्ता तेवढाच बसतो, कारण वर्षं वाढतात. जुन्या कर्जात कमी पडलेली रक्कम कुठूनतरी भरावी लागते: रोख, सोनं मोडून, नाहीतर नव्या गाडीवर जास्त कर्ज काढून. हा शेवटचा मार्ग म्हणजे 1860च्या दशकातला नवा रोखाच. कागद कोरा, तारीख ताजी, कर्ज जुनंच.

कायदा ह्या बाबतीत आपल्यासोबत फार चालला नाही. 1972 मध्ये संसदेने भाडेखरेदीचा कायदा केला. ठरावीक हिस्सा फेडल्यावर कोर्टाशिवाय माल परत नेता येणार नाही, असं त्यात होतं. तो कधी अंमलातच आला नाही. 2005 मध्ये रद्द झाला. गुंड पाठवून वसुली करता येणार नाही, हे 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बँकांना सांगावं लागलं.

गाडी घेऊ नका, असं मी म्हणत नाही. धुळ्याच्या खेड्यातून दवाखान्यात पोचायला गाडी लागते, माल न्यायला लागते, हौसही लागते. बुडतो तो गाडीमुळे नव्हे, मुदत गाडीच्या टिकणाऱ्या किमतीपेक्षा लांब असल्यामुळे. आठ लाखांतले दोन लाख आधी भरले आणि मुदत पाच वर्षं ठेवली, की बाकी पहिल्या वर्षापासूनच किमतीच्या खाली राहते. ज्याला हे जमत नाही, त्याच्यासाठी लहान गाडी किंवा वापरलेली गाडी हा कमीपणा नाही. पहिल्या वर्षांची घसरण दुसऱ्याने सोसलेली असते.

एक्स्चेंजला बसण्याआधी फक्त दोन कागद काढा: बँकेकडून आजच्या तारखेची संपूर्ण बाकी, आणि विम्यावरची गाडीची किंमत. मग सेल्समनला 1879च्या कोर्टासारखा प्रश्न विचारा: ह्या नव्या कर्जात जुन्या गाडीचे किती?