कात्री अडवणारी गोळी

एड्सचं नाव आमच्या देवळ्याकडे दबक्या आवाजात घेतलं जाई. त्या काळाचा इतिहास सांगायचा, तर एका औषधाबद्दल बोलावंच लागतं.

एचआयव्हीचा विषाणू आपल्याच पेशीकडून प्रथिनांची लांब साखळी घडवून घेतो. प्रोटिएज नावाचं विकर कात्रीसारखं ती कापतं, तेव्हाच नवा विषाणू पुरा होतो. औषध या कात्रीच्या पात्यांत अडकून बसतं. मग निपजतात ते अर्धवट विषाणू, ज्यांना लागण करता येत नाही. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत सॅक्विनाविरला मान्यता मिळाली, १९९६ मध्ये रिटोनाविर आणि इंडिनाविरला. इतर औषधांच्या जोडीने ती दिली जाऊ लागली आणि तिकडचे मृत्यू झपाट्याने घटले.

यकृतातलं एक विकर ही औषधं मोडून टाकतं. रिटोनाविर त्यालाच रोखतं, म्हणून सोबतचं लोपिनाविर रक्तात टिकतं. क्षयावरचं रिफाम्पिसिन नेमकं उलट करतं. आपल्या मुलखात हे दोन्ही आजार अनेकदा एकाच देहात भेटतात, तिथे हा मोठाच पेच!

लोपिनाविर-रिटोनाविरच्या जुन्या कॅप्सूल फ्रिजमध्ये ठेवाव्या लागत. भारनियमनाच्या गावात, चोरून औषध घेणाऱ्याने त्या ठेवायच्या कुठे? २००५ मध्ये फ्रिज न लागणारी गोळी आली.

किमतीचा प्रश्न आधीच पेटला होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. त्यात प्रोटिएज-रोधक नव्हतं; पण वाट मोकळी झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी मोफत उपचार सुरू झाले, पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

गोळीला आता फ्रिज लागत नाही. ती घरातल्या फडताळावर उघडपणे ठेवता यावी, एवढं मात्र आपल्यालाच करायचं आहे.