ग्रुप ॲडमिन खरंच अडकतो का?



"चुकीची पोस्ट पडली तर ॲडमिनवर कारवाई होईल, म्हणून जपून लिहा." ही सूचना शेतकऱ्यांच्या कितीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. ही भीती आली कुठून आणि तिच्यात तथ्य किती, ते आज जरा मागे जाऊन बघू.

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला. तेव्हा मुख्य विचार होता ऑनलाइन व्यवहारांचा आणि डिजिटल सहीचा. पण लवकरच वेगळाच पेच उभा राहिला. लिहिणारा एक आणि फळा दुसऱ्याचा, तर गुन्हा कुणाचा?

२००४ मध्ये बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या साइटवर एकाने अश्लील चित्रफीत विकायला ठेवली. दिल्ली पोलिसांनी साइटच्या प्रमुखालाही अटक केली. म्हणजे एका गाळ्यावर खराब माल सापडला आणि बेडी पडली बाजार समितीच्या सभापतीला! पुढे २००८ च्या दुरुस्तीत कलम ७९ बदललं. जो फक्त जागा देतो, मजकूर स्वतः लिहीत नाही, त्याला संरक्षण मिळालं. अट एवढीच, की बेकायदा मजकूर कळल्यावर तो काढला पाहिजे.

त्याच दुरुस्तीतून कलम ६६अ आलं. ऑनलाइन मजकुरानं कुणाला त्रास झाला, गैरसोय झाली, तरी तीन वर्षांपर्यंत कैद. आता 'त्रास' मोजायचा कशानं? दुधाची फॅट मोजायला यंत्र आहे, त्रासाला नाही.

त्याचा फटका आपल्याच पालघरला दिसला. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर प्रश्न केला, दुसरीनं ती पोस्ट फक्त लाईक केली. दोघींनाही अटक झाली. देशभर ओरड झाली, पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले.

कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ ला न्यायालयानं ६६अ हे कलमच रद्द केलं. शब्द इतके मोघम, की कुणालाही त्यात अडकवता येईल, असं न्यायालयाला दिसलं. कलम ७९ चाही अर्थ तिथंच स्पष्ट झाला. कुणीही तक्रार केली म्हणून कंपनीवर मजकूर काढायचं बंधन येत नाही. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना लागते.

पण कागदावरचं कलम मेलं तरी ठाण्यातलं मेलं नाही. रद्द झालेल्या ६६अ खाली गुन्हे दाखल होतच राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका.

आता ॲडमिनचं. गोंदिया जिल्ह्यात एका सदस्यानं ग्रुपवर महिलेबद्दल घाण भाषा वापरली. ॲडमिननं त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. १ मार्च २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढीच मर्यादित ताकद असते, असं न्यायालयानं तेव्हा म्हटलं. पोस्ट पडण्याआधी तो ती वाचू शकत नाही. दोघांनी आधी ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी.

याचा अर्थ काहीही लिहायला मोकळीक आहे, असा नाही. बदनामीचं कलम आहेच. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ३५६ क्रमांकाला आहे. लिहिणारा स्वतः जबाबदार असतोच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. बियाणं उगवलं नाही तर गप्प बसू नका, पण पुराव्यानं लिहा. पावती, पिशवीवरचा लॉट नंबर, पेरणीची तारीख, शेताचे फोटो जपून ठेवा. "कंपनी चोर आहे" असं लिहिण्यापेक्षा "अमुक लॉट, अमुक तारखेला पेरला, शंभर दाण्यांतले इतके उगवले" असं लिहा. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. खरी नोंद लिहिणाऱ्याला बळ देते आणि बाकीच्यांची पेरणी वाचवते.