पहिल्या अर्ध्या तासातला ब्राउझर

नवा ब्राउझर उतरवून घेतला की पहिल्या अर्ध्या तासात माणूस हमखास म्हणतो, 'अरे, हा केवढा फास्ट आहे!' हे म्हणणे खोटे नसते. मात्र ते नेमके कशाबद्दल खरे आहे, हे त्याला ठाऊक नसते. जुन्या ब्राउझरमध्ये त्याचा चार वर्षांचा संसार साठलेला असतो: दोन-तीन टूलबार, कधीतरी बसवून विसरलेली डझनभर एक्स्टेन्शन्स, न मिटलेले टॅब. नवी खोली रिकामी असते म्हणून ऐसपैस वाटते. सामान लावून झाल्यावर ती केवढी उरते, हे कळायला महिना जातो. तेव्हा पहिली छाप हे मोजमाप मानायचे झाले, तर त्यात ब्राउझरचा वाटा किती, आपल्या नेटचा किती, उघडलेल्या पानांचा किती आणि बोटांच्या सवयीचा किती, हे आधी वेगळे काढायला हवे. माझ्या हिशेबाने ब्राउझरचा वाटा त्यात बहुधा सर्वांत लहान निघतो.

पडताळणीसाठी गूगल क्रोमचा पहिला दिवस घेऊ. २ सप्टेंबर २००८ रोजी त्याची चाचणी आवृत्ती फक्त विंडोजसाठी आली. तिची ओळख करून द्यायला गूगलने स्कॉट मॅकक्लाउड या चित्रकथाकाराकडून ३८ पानांचे कॉमिक काढून घेतले होते. त्याच्या काही प्रती युरोपात ठरल्या वेळेआधीच पोचल्या आणि बातमी एक दिवस अगोदर फुटली. म्हणजे पुष्कळांच्या मनावर क्रोमची पहिली छाप पडली ती क्रोम न पाहताच, चित्रे पाहून.

ब्राउझरचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. एक इंजिन: सर्व्हरकडून आलेला मजकूर वाचून त्याचे पान मांडणारे आणि त्यातली जावास्क्रिप्ट चालवणारे. दुसरे त्याभोवतीचे कवच: टॅब, पत्त्याची पट्टी, बटणे, मेनू. या कवचाला प्रोग्रामर मंडळी पूर्वीपासून 'क्रोम'च म्हणत आली आहेत. कवच शक्य तितके कमी ठेवायचे या हेतूने बनवलेल्या ब्राउझरला कवचाचेच नाव मिळाले, ही त्यातली गंमत. पहिल्या दिवशी डोळ्यांना जे नवे दिसले ते सगळे या कवचातले होते. मेनूची पट्टी गायब, टॅब थेट खिडकीच्या माथ्यावर, पत्ता आणि शोध यांना मिळून एकच चौकट. पान मांडणारे इंजिन मात्र नवे नव्हतेच. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या केएचटीएमएल इंजिनावरून ॲपलने सफारीसाठी वेबकिट तयार केले होते. गूगलने तेच घेतले. खरोखर नवे होते ते व्ही८, लार्स बाक यांच्या गटाने डेन्मार्कमधल्या आऱ्हुस येथे घडवलेले जावास्क्रिप्टचे इंजिन. ते डोळ्यांना दिसण्यासारखे नव्हते.

मग वेग जाणवला तो कशाचा? व्ही८ जावास्क्रिप्टचे थेट यंत्रभाषेत रूपांतर करून ती चालवत असे आणि चाचण्यांत ते त्या वेळच्या इतरांना सहज मागे टाके. (चाचण्यांचेही एक असतेच. सनस्पायडर वेबकिटवाल्यांची, ड्रोमिओ फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या घरची, व्ही८ची चाचणी गूगलची. ज्याची त्याची तागडी.) परंतु त्या वर्षी आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २५६ केबीपीएस वेग पुरेसा होता. म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. ३०० किलोबाइटचे पान यायला नऊ सेकंदांहून अधिक वेळ लागणार. त्यातली जावास्क्रिप्ट चालवताना दोन दशांश सेकंद वाचले काय अन् न वाचले काय. संगणकाच्या प्रतिसादाविषयी वापरसुलभतेचा अभ्यासक जेकब नील्सनने १९९३ मध्ये सांगितलेल्या मर्यादा इथे उपयोगी पडतात: ०.१ सेकंदाच्या आत घडलेले माणसाला तत्क्षणी घडल्यासारखे वाटते, १ सेकंदापर्यंत विचारांची तार तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडते. पान येण्याचा वेळ दहाच्या घरातच राहिला. ०.१च्या आत आले ते वेगळेच काहीतरी: खिडकी उघडणे, नवा टॅब निघणे, टॅब ओढून वेगळा करणे. शिवाय पानावरच्या दुव्यांचे सर्व्हर कुठे आहेत हे क्रोम आधीच विचारून ठेवी, त्यामुळे क्लिक केल्यावरची पहिली चुळबुळ कमी होई. थोडक्यात, वेग जाणवला तो दाराचा. रस्ता होता तसाच होता. व्ही८चा खरा फरक जीमेल किंवा नकाशासारखे जावास्क्रिप्टने लादलेले पान दिवसभर उघडे ठेवणाऱ्यालाच कळला.

क्रोमच्या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट तर अर्ध्या तासात दिसूच शकत नव्हती. तोवर प्रचलित ब्राउझरांत सगळे टॅब साधारण एकाच प्रक्रियेत चालत. एखाद्या पानातले फ्लॅशचे चलचित्र अडकले की अर्धवट भरलेला फॉर्म आणि लिहीत असलेली मेल घेऊन सगळी खिडकी बुडे. क्रोमने टॅबांना वेगवेगळ्या प्रक्रियांत बसवले. एक पान मेले तर त्याच्या जागी उदास चेहऱ्याचा टॅब दिसे, बाकीची पाने चालू राहत. शिफ्ट आणि एस्केप दाबले की कोणता टॅब किती मेमरी खातो याची यादीच समोर येई. पण मजबुती दिसायला आधी काहीतरी मोडावे लागते. ते मोडलेही, लगेचच, आणि नको तिथे. अनोळखी शब्द, पुढे अपूर्णविराम आणि टक्क्याचे चिन्ह अशी अक्षरे असलेला दुवा समोर आला की टॅब नव्हे, आख्खे क्रोम कोसळे. कारण ती अक्षरे वाचण्याचे काम टॅबच्या प्रक्रियेकडे नव्हते, सर्वांना सांभाळणाऱ्या मूळ प्रक्रियेकडे होते. बुरूज सुटे बांधले, पण किल्लेदार एकच. दोष तातडीने दुरुस्त झाला. रचना चुकीची होती असे त्यावरून ठरत नाही. तरी त्याच दिवशी तो दुवा पाहिलेल्याने 'एक पान पडले तरी बाकीची टिकतात' या दाव्याला हसूनच हात जोडले असते. मजबुतीची किंमतही अशीच उशिरा कळे. प्रत्येक प्रक्रियेचा मेमरीतला वाटा वेगळा, त्यामुळे ५१२ एमबीच्या यंत्रावर विसावा टॅब उघडल्यावर हार्डडिस्क करकरू लागे. पहिल्या अर्ध्या तासात विसावा टॅब कोण उघडतो?

करारनामाही कुणी उघडत नाही. क्रोमच्या मूळ अटींतल्या ११व्या कलमाचा अर्थ असा निघत होता की ब्राउझरमधून तुम्ही जे लिहाल, पाठवाल, दाखवाल ते वापरण्याचा व्यापक परवाना गूगलला मिळतो. बोभाटा झाल्यावर, इतर सेवांच्या अटी तशाच उचलल्यामुळे हे झाल्याचे सांगून गूगलने ते कलम पूर्वलक्षी प्रभावाने बदलले.

आता मराठी वाचकाचे. २००८च्या आसपास कित्येक मराठी वृत्तपत्रांची पाने युनिकोडमध्ये नव्हती. अक्षरे रोमन, त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवणारा फॉन्ट पानासोबत उतरे, आणि तो ज्या ईओटी प्रकारात असे तो वाचता येई फक्त इंटरनेट एक्स्प्लोररला. त्यामुळे नव्या ब्राउझरमध्ये सकाळचा पेपर उघडणाऱ्यासमोर अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा येई. त्याच्या लेखी ब्राउझर बाद. खरे तर ब्राउझर जे लिहिले होते तेच दाखवत होता. मुखवटा काढलेला चेहरा तसाच होता. युनिकोडच्या पानांची कथा वेगळी. विंडोज एक्स्पीवर देवनागरीची जुळणी करणारी सोय आपली आपण बसवून घ्यावी लागे. ती नसली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न बसता पुढे जाऊन बसे आणि जोडाक्षरांचे पाय मोडत. इथेही शिव्या खाई ब्राउझर.

तेव्हापासून कोणताही नवा ब्राउझर आला की मी त्याला एकच वाक्य वाढतो: 'तऱ्हेवाईक कीर्तनकाराने आचार्यांचे शहाळे आचाऱ्यांना दिले आणि लाल शालीत तोंड लपवले.' वाक्याला अर्थ फारसा नाही, कामे पुष्कळ आहेत. आचार्य आणि आचारी यांतला भेद रफार आणि अर्धचंद्री र यांवर तोललेला आहे. तो पुसला गेला तर गुरुजींचे शहाळे गुरुजींकडेच परत जाते. 'लाल' आणि 'शालीत' हे शब्द त्याहून खट्याळ. मराठीतला पाकळीचा ल, देठाचा श आणि हिंदी वळणाचे ल, श यांना युनिकोडमध्ये वेगळे क्रमांक नाहीत. काही फॉन्ट दोन्ही वळणे पोटात बाळगतात; पानाने आपली भाषा मराठी असल्याचे आपल्या कोडमध्ये जाहीर केले असेल, ब्राउझरने ती खूण अक्षरजुळणी करणाऱ्या हार्फबझसारख्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचवली असेल आणि फॉन्टही तसा असेल, तरच मराठी वळण उमटते. तिघांतल्या एकाने कसूर केली तरी पान वाचता येतेच, फक्त परक्या हस्ताक्षरातले वाटते. मध्यंतरी एक नवाकोरा ब्राउझर मी याच कारणाने नापास केला होता. पानाचा स्रोत उघडून पाहिला तर तिथे भाषा इंग्रजी लिहिलेली. पान माझेच होते.

सवयीचा वाटा सर्वांत फसवा, कारण तो आपल्याला मताच्या रूपात भेटतो. जून २००८मध्ये आलेल्या फायरफॉक्स ३ची पत्त्याची पट्टी टाइप केलेला शब्द जुन्या पानांच्या पत्त्यांतच नव्हे, शीर्षकांतही शोधू लागली. अनेकांना ती इतकी खुपली की तिला जुने रूप देणारे एक्स्टेन्शनही निघाले. आज तशी न वागणारी पट्टी मिळाली तर तीच माणसे तक्रार करतील. आर्क ब्राउझरने टॅब डाव्या कडेला उभे लावले, तेव्हा उजवा हात कित्येक दिवस वरच्या रिकाम्या कडेकडे जात राही. त्या प्रत्येक चुकीच्या फेरीची नोंद मन ब्राउझरच्या खात्यावर करते.

आता तर तुलना जवळजवळ कवचापुरतीच उरली आहे. वेबकिटमधून फुटून २०१३मध्ये क्रोमचे ब्लिंक इंजिन निघाले. ऑपेराने त्याच वर्षी स्वतःचे प्रेस्टो इंजिन सोडून क्रोमियमची, म्हणजे क्रोमच्या खुल्या गाभ्याची, वाट धरली आणि जानेवारी २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टचा एजही क्रोमियमवर उभा राहून आला. ब्रेव्ह, विवाल्डी, आर्क त्याच पायावरचे. फायरफॉक्सचे गेको आणि सफारीचे वेबकिट एवढीच ठळक वेगळी घरे राहिली. आयफोनवर तर वर्षानुवर्षे प्रत्येक ब्राउझरला वेबकिटच वापरण्याची सक्ती होती. युरोपीय संघात ती सैल झाली तीही मार्च २०२४मध्ये. आयफोनवर नवा ब्राउझर घेणे म्हणजे तीच भिंत नव्या रंगात पाहणे.

आणखी एक पहिली छाप असते, तिचा विचार आपण करत नाही: ब्राउझरची संकेतस्थळावर पडणारी. पान मागताना ब्राउझर सर्व्हरला आपली ओळख सांगतो. पहिल्या दिवशीचा क्रोम स्वतःला आधी 'मोझिला/५.०' म्हणवे, मग 'ॲपलवेबकिट', कंसात 'केएचटीएमएल, लाइक गेको', त्यानंतर कुठे 'क्रोम/०.२.१४९.२७' आणि शेवटी 'सफारी'. नेटस्केप हा जुना ब्राउझर स्वतःला 'मोझिला' म्हणवे; त्याच्या काळात काही स्थळे ते नाव पाहूनच चांगले पान वाढत, म्हणून एक्स्प्लोररने ते नाव घेतले, आणि मग प्रत्येक नवागताने आधीच्यांची नावे आपल्या नावामागे लावली. पुढे क्रोमला एवढी पत आली की विवाल्डीने डिसेंबर २०१९मध्ये बहुतेक स्थळांपुढे स्वतःचे नाव सांगणेच सोडले. खरे नाव सांगितले की काही स्थळे त्याला दारातूनच परत पाठवत होती. क्रोम म्हणून गेल्यावर त्याच स्थळांनी तीच पाने निमूट उघडून दिली.