पडद्यावरच्या जुन्या धातूची कुळकथा

गेममधली गंजलेली तलवार किंवा सिनेमातलं पोचे आलेलं अंतराळयान आज बघताक्षणी खरं वाटतं. पण संगणकावर धातू जुना दिसण्याआधी तो धातू म्हणून दिसायलाच बरीच वर्षं गेली.

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात बुई तुओंग फोंग यांनी गुळगुळीत वस्तूवर चकाकी आणण्याचं सूत्र बसवलं. ते सोपं होतं, म्हणून सगळीकडे रुजलं. पण त्यातून निघालेल्या वस्तू प्लॅस्टिकच्या वाटत. त्याचं कारण रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स यांनी १९८२ साली छापलेल्या निबंधात उलगडलं. प्लॅस्टिकचा रंग आतल्या रंगद्रव्यातून येतो, वरची चकाकी मात्र दिव्याच्याच रंगाची असते. धातूत शिरलेला प्रकाश तिथेच जिरतो. जो परततो तो पृष्ठभागावरूनच, आणि धातूची छटा घेऊन. म्हणून तांब्याची चकाकी तांबूस. तांब्याच्या रंगाची प्लॅस्टिकची फुलदाणी आणि खऱ्या तांब्याची फुलदाणी, अशी दोन्ही चित्रं त्यांनी दाखवली आणि फरक डोळ्यांना पटला.

तरी हा धातू कोराच होता. त्याला डाग दिले केन पर्लिन यांनी. १९८२च्या ‘ट्रॉन’ चित्रपटासाठी काम केल्यावर संगणकी चित्रांचा यांत्रिक गुळगुळीतपणा त्यांना खटकत होता. त्यांनी निसर्गातल्यासारखा, बेताचा अनियमितपणा आकड्यांतून निर्माण केला. हा ‘पर्लिन नॉइज’ १९८५च्या निबंधातून जगासमोर आला आणि १९९७ साली त्याला ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. गंजाचे चट्टे, धुळीचे ढग आजही त्यातून उमटतात.

पण डाग कुठे पडावेत? पितळेची नक्षीदार समई चिंचेने घासली की उंचवटे लखलखतात आणि नक्षीच्या खाचांत काळं तसंच राहतं, कारण बोट तिथे पोचत नाही. नेमकी हीच गोष्ट गॅव्हिन मिलर यांनी १९९४ साली गणितात मांडली. एखाद्या बिंदूला टेकवता येईल असा, आणि दुसरीकडे कुठेही न अडकणारा, सर्वांत मोठा गोल केवढा, हे मोजायचं. गोल मोठा तर जागा घासली जाणारी, लहान तर मळ साचणारी. १९९६ साली ज्युली डॉर्सी आणि पॅट हॅनराहन यांनी पुढचं पाऊल टाकलं. तांब्यावरची हिरवी पुटं त्यांनी थरांच्या रूपात रचली; थर चढवणं, झिजवणं, घासून चकाकवणं या क्रिया संगणकाला शिकवल्या. धातूला आता वय मिळालं.

२०१२ साली डिस्नेचे ब्रेंट बर्ली यांनी प्रकाश-परावर्तनाचं किचकट भौतिकशास्त्र चित्रकाराला हाताळता येईल अशा मोजक्या सरकपट्ट्यांत बसवलं. ‘मेटॅलिक’ (धातूपणा) आणि ‘रफनेस’ (खडबडीतपणा) या त्यांतल्या दोन. ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरने २०१७च्या २.७९ आवृत्तीत ‘प्रिन्सिपल्ड’ शेडर, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसेल हे ठरवणारी योजना, आणला तो याच घराण्यातला.

या पट्ट्यांनी रंग उडालेली लोखंडी पेटी करायची तर तळाला लोखंड: मेटॅलिक १. त्यावर रंगाचा थर: मेटॅलिक ०, कारण रंग म्हणजे धातू नव्हे. कडा हेरून, नॉइजने त्या कुरतडून रंग उडवायचा. उघड्या लोखंडावर गंज: त्याचंही मेटॅलिक ०, रफनेस भरपूर. नवशिका इथेच फसतो. गंज लोखंडातून आला म्हणून त्यालाही धातूच ठरवतो आणि मग तो गंज सोनेरी कागदासारखा चमकतो.

आता सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये सगळ्या कडा सारख्याच झिजवून देतं, आणि तिथेच चित्र खोटं पडतं. खरी पेटी कडीपाशी हाताने गुळगुळीत होते, ओढून ओढून तळाशी खरवडते आणि पाणी साचतं त्या बाजूला सडते. कडा कुठे आहेत हे यंत्र शोधेल. पेटी कुणी, कशी वापरली हे आधी कलाकारानेच ठरवायला हवं.