राखेला डिवचणारे क्षार

राखेनं बांधकाम पक्कं होतं, हे रोमन गवंड्यांना ठाऊक होतं. नेपल्सजवळच्या पोत्सुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात कालवून ते पाण्याखालीही बांधत. आपल्याकडे तेच काम विटांच्या भुकटीनं, म्हणजे सुरखीनं केलं. वीजकेंद्राच्या राखेचा, म्हणजे फ्लाय ॲशचा, नंबर मात्र फार उशिरा लागला. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आर. ई. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी 1937 मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. 1953 मध्ये पुऱ्या झालेल्या अमेरिकेतल्या हंग्री हॉर्स धरणात ती भरपूर वापरली गेली.

धरणाला घाई नसते, स्लॅबला असते. फ्लाय ॲश घातलेलं सिमेंट सुरुवातीला सुस्त. सूक्ष्मदर्शकाखाली ही राख काचेच्या गोट्यांसारखी दिसते: बॉयलरमध्ये वितळलेली खनिजं धुराबरोबर उडता उडता झटकन थंड होतात. ही काच फोडायला जोरकस अल्कली लागते. सिमेंट भिजून चुना सुटेपर्यंत राख नुसती बसून राहते.

मग अल्कली बाहेरूनच का घालू नये? बेल्जियमच्या पर्डन यांनी 1940 मध्ये लोखंडाच्या झोतभट्टीच्या स्लॅगवर, म्हणजे मळीवर, कॉस्टिक सोडा वापरून दाखवला. पुढे कीव्हमध्ये ग्लुखोव्स्की यांनी तो धागा पकडला. पण कॉस्टिक हाताळायचा म्हणजे कातडी सोलवटायची! 1995 मध्ये कॅलगरी विद्यापीठाच्या त्साइजुन शी आणि रॉबर्ट डे यांनी चुना आणि राखेच्या लगद्यात सौम्य सोडियम सल्फेट आणि कॅल्शियम क्लोराइड घालून पाहिलं. सल्फेटची चाल मला फार हुशार वाटते. चुन्याशी गाठ पडली की कॉस्टिक तिथल्या तिथे तयार होतो आणि काच फोडू लागतो. उरलेलं सल्फेट ॲल्युमिनाशी जुळून एट्रिंगाइट या खनिजाच्या सुया तयार करतं, त्या पोकळ्या भरतात. लगदा लवकर बळ धरतो.

क्लोराइड स्वस्त, पण सळईचा वैरी. काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकात सळईच्या काँक्रीटला घनमीटरमागे 0.6 किलोच क्लोराइड चालतं. सोडियमही जास्त झालं तर भिंतीला लोणा फुटतो. म्हणून ही रसायनं प्रयोगशाळेतल्या मोजमापाची, साइटवर घमेल्यानं टाकायची नव्हेत.

आपल्या पीपीसीच्या, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटच्या, गोणीत 15 ते 35 टक्के फ्लाय ॲश असू शकते. घर बांधत असाल तर ठेकेदार सातव्या दिवशी पाणी मारणं थांबवू लागला, की त्याला अडवा: अशा सिमेंटला किमान 10 दिवस पाणी हवं, कडक उन्हात 14.