डॉ. टी. व्ही. रामन आणि श्राव्य संगणकाची उपपत्ती

गणितातील एखादी राशी मोठ्याने वाचून दाखविण्याचा प्रसंग आला म्हणजे लिपी व वाणी यांतील अंतर स्पष्ट होते. ‘अ अधिक ब भागिले क’ एवढेच म्हटले, तर क ने केवळ ब ला भागावयाचे की अ व ब यांच्या बेरजेला, हे ऐकणाऱ्यास कळत नाही. कागदावर हा संदेह उद्भवत नाही. कारण अपूर्णांकाची रेषा कोठपर्यंत ओढली आहे हे तेथे दिसते. अर्थ केवळ अक्षरांत नसतो, तो मांडणीतही असतो. आणि डोळ्यांनी वाचणाऱ्यास तो इतक्या सहजपणे मिळतो की त्याचे भानही राहत नाही. मांडणीतील हा अर्थ कानाला कसा द्यावयाचा, या एका प्रश्नाभोवती डॉ. टी. व्ही. रामन यांचे संशोधन गुंफलेले आहे.

रामन यांचा जन्म १९६५ साली पुण्यास झाला. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून त्यांनी गणितात पदवी घेतली व पुढे मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये संगणकशास्त्राचे शिक्षण घेतले. तेथील अखेरच्या वर्षी त्यांनी केलेला प्रकल्प वक्ररेषांचे आलेख ध्वनीद्वारा ऐकविणारा होता. दृश्य आकृतीचे नुसते वर्णन न करता तिला श्राव्य रूप द्यावे, ही पुढील कार्याची दिशा त्यात दिसून येते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात प्रा. डेव्हिड ग्रीस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९९४ साली डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण केला. त्याचा विषय होता ‘अ‍ॅस्टर’ ही शास्त्रीय लेखन वाचून दाखविणारी संगणकप्रणाली. रामन यांच्या मार्गदर्शक कुत्र्याचे नावही अ‍ॅस्टरच होते. वैज्ञानिक लेखनासाठी रूढ असलेल्या ‘लाटेक’ पद्धतीत हे शीर्षक, हा घातांक, हा छेद, अशी रचनेची नोंद मजकुरातच केलेली असते. अ‍ॅस्टर त्या नोंदींवरून लेखनाचा रचनावृक्ष तयार करी आणि मग त्या वृक्षाचे ध्वनीत रूपांतर करी. घातांक आला की आवाजाची पट्टी चढे. पायाशी लिहिलेले चिन्ह आले की ती उतरे. राशी फार लांब असल्यास तिच्या अवयवांना तात्पुरती नावे देऊन आधी सांगाडा व नंतर तपशील ऐकविता येई. श्रोत्याला वृक्षाच्या कोणत्याही शाखेवर जाऊन हवा तो भाग पुन्हा ऐकण्याची मुभा होती. ध्वनिमुद्रित पुस्तकात श्रोता निवेदकाच्या गतीने बांधलेला असतो. येथे वाचनाची सूत्रे त्याच्याच हाती आली. या प्रबंधास असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेचा १९९४ चा प्रबंध-पुरस्कार मिळाला.

हेच तत्त्व समग्र संगणकव्यवहारास लावण्याचा प्रयत्न म्हणजे १९९५ साली प्रसिद्ध झालेली ‘ईमॅक्सस्पीक’ ही प्रणाली होय. तत्कालीन स्क्रीन रीडर पडद्यावर उमटलेली अक्षरे वाचून दाखवीत. दिनदर्शिकेतील एखाद्या दिवसावर वाचक थांबला, तर असा स्क्रीन रीडर नुसता आकडा उच्चारी; त्या आकड्याचा महिना व वार वाचकाने शोधावयाचा. ईमॅक्सस्पीक मात्र वार, तारीख, महिना व वर्ष एकत्र सांगते. कारण ती पडद्याला न विचारता दिनदर्शिकेच्या आज्ञावलीलाच विचारते. ईमॅक्स या संपादकाच्या मूळ आज्ञांना हात न लावता प्रत्येकीस वाणीची जोड देण्याची सोय त्या संपादकातच होती, तिचा रामन यांनी कुशलतेने उपयोग केला. वेगवेगळ्या घटकांसाठी वेगवेगळे आवाज आणि क्रिया पार पडल्याची सूचना देणारे लहान ध्वनी यांचीही त्यात योजना आहे.

डिजिटल, अ‍ॅडोबी व आयबीएम या कंपन्यांत काम करून २००५ साली रामन गूगलमध्ये गेले. या काळात त्यांचे लक्ष वेबकडे वळले होते. वेबवरील पृष्ठाचा आशय एकीकडे व त्याचे रूप दुसरीकडे ठेवल्यास एकाच आशयास दृश्य व श्राव्य अशी दोन्ही रूपे देता येतील, हा त्यामागील विचार होता. १९९८ च्या ‘सीएसएस २’ या मानकात श्राव्य शैलीचा स्वतंत्र अध्याय आला, त्यामागे रामन यांनी सिद्ध केलेल्या प्रस्तावाचा वाटा होता. तथापि ब्राउझर बनविणाऱ्यांनी तिचा फारसा स्वीकार केला नाही आणि पुढील आवृत्तीत हा भाग परिशिष्टात गेला. गूगलमध्ये त्यांनी चार्ल्स चेन यांच्यासह, स्पर्शाने चालणाऱ्या फोनवर न पाहता क्रमांक फिरविण्याची युक्ती मांडली: बोट प्रथम जेथे टेकेल तेथे ५ मानावयाचा आणि त्या अनुरोधाने वर, खाली वा तिरपे सरकून इतर अंक गाठावयाचे. गुळगुळीत काचेवर कळा चाचपता येत नाहीत, ही अडचण बोटाच्या सापेक्ष हालचालीने दूर झाली.

या कार्याचे मूल्यमापन करताना त्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. ईमॅक्स आत्मसात करणे कष्टाचे असल्याने ईमॅक्सस्पीकचा प्रसार मुख्यतः तंत्रज्ञांतच झाला. बहुसंख्य अंध वाचकांचा आधार स्क्रीन रीडरच राहिला. परंतु पुढे स्क्रीन रीडरही वेबपृष्ठाच्या अंतर्गत रचनेवरून वाचू लागले आणि २०१४ साली मान्य झालेल्या ‘एरिया’ मानकाने पृष्ठातील घटकांची भूमिका व अवस्था नोंदविण्याची रीत घालून दिली. हे अनेकांच्या परिश्रमाचे फळ होते. रामन यांच्या साधनापेक्षा ज्या तत्त्वाचा त्यांनी पाठपुरावा केला ते तत्त्व अधिक दूरवर पोचले, असे म्हणणे न्याय्य ठरेल.

हे तत्त्व लेखकावर व प्रकाशकावरही जबाबदारी टाकते. कारण लेखनात जी रचना नोंदविलेलीच नाही, ती कोणतीही प्रणाली ऐकवू शकत नाही. मराठीतील पुष्कळ जुने ग्रंथ संगणकावर आले ते पृष्ठांची छायाचित्रे म्हणून. कित्येक लेख युनिकोडपूर्व टंकांत अडकून राहिले. डोळ्यांना ते स्वच्छ दिसतात, परंतु स्क्रीन रीडरच्या लेखी पहिल्या प्रकारात अक्षरेच नाहीत आणि दुसऱ्यात आहेत ती निरर्थक. पुण्यात अथवा मुंबईत गणित वा इतिहास शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्यास मराठी ग्रंथ स्वतः वाचता येईल की दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागेल, हे त्याच्या बुद्धीपेक्षा ग्रंथ सिद्ध करणाऱ्याच्या या निर्णयावर अधिक अवलंबून असते.