हौद्यातील माती आणि ओसरीवरील सायकल

पेठ वडगावात धनाजी जाधवांची समाधी आहे. सन १७०८ मध्ये वारणेच्या या टापूत ज्या सेनापतीचा अंत झाला, त्याच्या काळी घोड्यावर पक्की मांड हीच शिलेदाराची खरी सनद असल्याने, व्यायाम ही कोणाची हौस नव्हती, तो चाकरीचाच एक भाग होता. पुढे शिलेदारी बुडाली. परंतु शरीर कमावण्याचा परिपाठ करवीर इलाख्यातील तालमींनी सांभाळला, आणि शाहू छत्रपतींनी १९०२ च्या विलायतवारीत रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहून आल्यावर कोल्हापुरास खासबागेचे कुस्ती मैदान बांधवून या परंपरेला राजाश्रयाची मोहर लावली. ते मैदान १९१२ साली पुरे झाले. आणि त्याच वर्षी बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरील व्यायामशाळेत जागच्या जागी चालवावयाच्या सायकली होत्या, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या सायकलींचे मूळ त्याहून जुने, १७९६ साली लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्सने हातापायांच्या व्यायामासाठी सिद्ध केलेल्या चक्रयंत्रापर्यंत जाऊन पोहोचते.

तालमीत साधनाची निवड वस्तादाकडे असे. नव्या पोराने मुद्गलांच्या जड जोडीला हात घातला, तर ती काढून घेऊन करेल नावाचे हलके मुद्गल त्याच्या हाती दिले जाई. कारण खांदा सुरळीत फिरला पाहिजे, वजन मागाहून वाढवता येते, हा तेथला दंडक. निगा मात्र सर्वांची. मलखांबाच्या लाकडाला एरंडेल चोळावयाचे; हौद्यातील तांबडी माती चाळून, तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती मऊ राखावयाची; आणि रोज लंगोट कसून, फावड्याने ती खालपासून वर उकरल्याखेरीज कोणी शड्डू ठोकावयाचा नाही. त्या उकरण्यातच अंगाला पहिला घाम येई, म्हणून निगा आणि कसरत यांचे हिशेब वेगळे मांडण्याची गरजच पडत नसे.

आता ओसरीवर व्यायामाची सायकल येते, आणि वस्तादाचे काम घेणाऱ्यालाच करावे लागते. बैठकीवर बसून पायडल अगदी खाली नेले असता गुडघ्यात किंचित बाक राहतो काय, जड चाक आवाज न करता एकसारखे फिरते काय, आपल्या वजनाने सांगाडा डळमळतो काय, एवढे दुकानातच पाहून घ्यावे. भार प्रथम हलका ठेवावा. पुढे खारट घामाने लोखंड गंजते, पायडलचे आटे सैल होतात, गतिरोधकाची गादी झिजते. आणि एकदा करकर सुरू झाली, की घरातील माणसे त्या यंत्राच्या दांडीवर ओले पंचे वाळत घालू लागतात.

यंत्र परदेशी आहे, हा त्याचा दोष नव्हे. हौद्याला गडी पुष्कळ होते, सायकलीला एकच असतो. तेव्हा उतरल्यावर दम जिरेपर्यंत फडके घेऊन ती पुसून काढावी, महिन्याकाठी नटबोल्ट आवळावेत. फावड्याची पाळी टाळून आखाड्यात उतरणाऱ्याला वस्ताद जे सुनावीत असत, ते ऐकविणारे घरात कोणी नाही.